तर्कशास्त्राचे चार रविवार, नौपाडा

नौपाड्यातील एका अभ्यासवर्गाने मोडल लॉजिक ('आवश्यक' आणि 'शक्य' यांविषयी बोलणारे तर्कशास्त्र) आणि फर्स्ट-ऑर्डर लॉजिक ('प्रत्येक वस्तू' आणि 'अशी एखादी वस्तू आहे' असे बोलणारे तर्कशास्त्र) यांची तुलना करणारी चार व्याख्याने नुकतीच आयोजित केली होती. या दोहोंपैकी कोणत्या भाषेत अधिक काही म्हणता येते, एवढाच प्रश्न घेऊन मी गेलो होतो आणि वर्गाची पारखही त्याच प्रश्नावर करतो आहे.

पहिले दोन रविवार फार चांगले गेले. मोडल लॉजिकच्या चित्रांत ठिपका म्हणजे एक परिस्थिती आणि बाण म्हणजे तिच्यातून शक्य असलेली दुसरी परिस्थिती. सरांनी फळ्यावर असा एक ठिपका काढून त्यातून निघून त्यातच परतणारा बाण दाखवला आणि शेजारी ठिपक्यांची न संपणारी रांग काढली, जिच्यात प्रत्येकातून फक्त पुढच्याकडे बाण जात होता. 'या ठिपक्यापासून त्याच्याकडेच बाण आहे' हे फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमध्ये सहज लिहिता येते. मोडल लॉजिकला मात्र, ठिपक्यांवरच्या खुणा (तेथे कोणती विधाने सत्य आहेत हे दाखवणाऱ्या) सारख्या असतील तर, ही दोन चित्रे वेगळी ओळखताच येत नाहीत, कारण त्याला बाणांच्या वाटेने एकेक पाऊल पुढे जाऊनच बोलता येते. फर्स्ट-ऑर्डर लॉजिकमधील जी सूत्रे अशा चित्रांत भेद करीत नाहीत, नेमकी तेवढीच मोडल लॉजिकमध्ये मांडता येतात, हे तर्कशास्त्रज्ञ योहान व्हॅन बेंथेम यांचे प्रमेय त्यानंतर आपोआप पटले. मोडल लॉजिकला कमी म्हणता येते, पण त्याचा मोबदलाही मोठा आहे: दिलेले सूत्र सर्वत्र सत्य आहे का, हे ठरवणारी यांत्रिक पद्धत फर्स्ट-ऑर्डर लॉजिकसाठी असू शकत नाही, असे अलोन्झो चर्च आणि अॅलन ट्युरिंग या तर्कशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये दाखवले, साध्या मोडल लॉजिकसाठी ती आहे. तिसरा रविवार उजळणीत गेला.

तक्रार आहे ती चौथ्या रविवारची. खुणा हव्या तशा बदलू देऊन केवळ बाणांच्या रचनेविषयी बोलायचे ठरवले, की पारडे मोडल लॉजिकच्या बाजूने फिरते: तर्कशास्त्रज्ञ ल्योब यांच्या नावाचे मोडल सूत्र 'बाणांची साखळी अनंतापर्यंत जात नाही' अशी अट घालते आणि ती अट फर्स्ट-ऑर्डर लॉजिकला मांडता येत नाही. माझ्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे होते आणि ते शेवटच्या वीस मिनिटांत उरकले गेले. पत्रकात जाहीर केलेल्या अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्राच्या (ज्यात सिद्ध करता येईल तेच सत्य मानतात) वाट्याला तर ते मोडल लॉजिकमध्ये नेणाऱ्या, तर्कशास्त्रज्ञ गोडेलच्या १९३३ मधील भाषांतराचा एक उल्लेख तेवढा आला.

शुल्काच्या मानाने वर्ग परवडतो. पण टिपणांची झेरॉक्स इतकी फिकट आहे, की 'आवश्यक' दाखवणारा चौकोन आणि 'शक्य' दाखवणारा तिरका चौकोन एकसारखेच दिसतात. पुढच्या तुकडीला जाणाऱ्यांनी मूळ प्रत आधीच मागून घ्यावी.