नेटवर्क ड्रायव्हर कोसळला: नेटकन्सोल की केडंप?
लिनक्समध्ये नेटवर्क ड्रायव्हरमुळे कर्नल पॅनिक झाला (म्हणजे सिस्टिमचा गाभाच कोसळून थांबला) की स्क्रीन गोठते आणि शेवटच्या ओळी डिस्कवरच्या लॉगपर्यंत पोचतच नाहीत. मग कारण शोधायचे दोन मार्ग: संदेश दुसऱ्या मशीनवर पाठवणारा नेटकन्सोल, किंवा मेमरीची प्रत जपणारा केडंप.

नेटकन्सोल लावायला सोपा. मॉड्यूल लोड करा, दुसऱ्या मशीनचा पत्ता द्या. कर्नलचे संदेश यूडीपीने तिकडच्या ६६६६ पोर्टवर जातात. गोची एकच: ज्या कार्डाचा ड्रायव्हर मेला, त्याच्याच हाती निरोप धाडायचा! बिघाड पाठवणीच्या कोडमध्ये असेल तर ऊप्स (कर्नलने छापलेला बिघाडाचा अहवाल) अर्धवट येतो, किंवा येतच नाही. वेगळ्या ड्रायव्हरचं दुसरं कार्ड असेल तर भागतं.

केडंपला आधी तयारी लागते. बूटच्या वेळी क्रॅशकर्नल पर्यायाने, समजा, २५६ एमबी मेमरी राखून ठेवायची. पॅनिक झाला की तिथला दुसरा कर्नल सुरू होतो आणि मेलेल्या कर्नलची मेमरी व्हीएमकोर म्हणून डिस्कवर उतरते. मग बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची साखळी), रिंग बफर (कार्डाची पॅकेटांची रांग), एसकेबीची (कर्नलमधल्या पॅकेटच्या नोंदीची) अवस्था निवांत पाहता येते. डीबग सिंबॉल्स (पत्त्यांवरून फंक्शनची नावं कळवणारी माहिती) मात्र त्याच कर्नलचे हवेत. डंप एनएफएसवर (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्कवर) नको, कारण दुसरा कर्नलही तोच ड्रायव्हर लोड करेल.

मी केडंपच लावतो. पॅनिक न होता मशीन नुसतं अडखळत असेल, तेव्हा नेटकन्सोल.