सोलापुरात केतुबा छापून घ्यायची तर: एका छापखान्याचा अनुभव

लग्नपत्रिका छापणारं हे दुकान केतुबाही, म्हणजे ज्यूंचा विवाहकरार, छापून देतं. छपाईला पैकीच्या पैकी. ए३ आकार, ३०० जीएसएमचा न चकाकणारा कागद, शाई पसरत नाही. चकचकीत कागद घेऊच नका, साक्षीदारांची सही त्यावर पुसली जाते. लॅमिनेशन तर सह्या होईपर्यंत अजिबात नको.

मजकुरात मात्र घोळ. उर्दू पत्रिका करणाऱ्या हाताला उजवीकडून डावीकडे जुळणी नवी नाही, पण हिब्रू अक्षरं जोडली जात नाहीत आणि दालेत-रेश, हे-खेत या अक्षरजोड्या इतक्या सारख्या दिसतात की नावच बदलतं. पहिल्या प्रुफात ओळींचा क्रमही उलटा आला होता. सॉफ्टवेअर बदलताना हे हमखास होतं, म्हणून पीडीएफच द्या आणि प्रूफ हज्जानकडून, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याकडून, वाचून घ्या.

केतुबाच्या अरामी भाषेतल्या मजकुरात वधू-वरांची नावं वडिलांच्या नावासह, गाव आणि ज्यू पंचांगाची तारीख अक्षरी लागते. सूर्यास्तानंतर तारीख बदलते, त्यामुळे संध्याकाळच्या लग्नाला ती जागा कोरी ठेवलेली बरी. वराने वधूला कबूल केलेली रक्कमही तपासा: प्रथमवधूला २०० झूझ (जुनं चांदीचं नाणं), विधवेला १००. दुकानाच्या तयार नमुन्यात २००च होते! साक्षीदार दोन, वधू-वरांचे किंवा एकमेकांचे नातलग नसलेले. सह्यांसाठी खाली चार बोटं जागा सोडायला सांगा. नक्षी कितीही करा, मजकुरावर चढू देऊ नका.

दोन प्रती घ्या, एक बिघडतेच.