शतशब्दकथांचा कट्टा: ५० रुपयांत भरगच्च दुपार

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हा कट्टा भरतो. फी ५० रुपये, चहासकट. विषयाची चिठ्ठी उचलायची, २० मिनिटांत लिहायचं, मोठ्यानं वाचायचं. शब्द बरोबर १००, शीर्षक त्यात धरत नाहीत.

मला चिठ्ठी आली ‘कुकरची चौथी शिट्टी’. माझ्या कथेत सुनेच्या मते डाळीला तीन पुरे, चौथी सासूच्या हट्टाची. सासू गेल्यावरही ती चौथीलाच गॅस बंद करते. खाली ‘तिचे डोळे पाणावले’ जोडलं होतं. शेजारचे निवृत्त पोस्टमन काका म्हणाले, “ताई, शेवटचं वाक्य उडवा. गॅस बंद झाला, तिथंच कथा संपली.” पटलं. उरलेले तीन शब्द सासूच्या तोंडी घातले: “अजून एक होऊदे!”

इथं नवख्याला कुणी हसत नाही, आणि उगाच वाहवाही करत नाहीत, हे मला जास्त आवडलं. तक्रार एकच. निम्म्या कथांत निवेदक शेवटी मेलेलाच निघतो! धक्क्याचा हा सोस संयोजकांनी जरा आवरावा.

जाणार असाल तर कागद-पेन घरून न्या, मोबाइलवर लिहू देत नाहीत. आणि खिडकीशी बसू नका, रिक्षांच्या हॉर्नमध्ये काही ऐकू येत नाही.