ईएमडीआर, एक्सपोजर थेरपी की गोळ्या? ट्रॉमासाठी काय निवडायचं

अपघात, मारहाण, लैंगिक अत्याचार, भूकंप, असं काही घडून महिना उलटला तरी रात्री तेच दिसतंय, जरा आवाज झाला की काळजात धस्स होतंय, तो रस्ताच नको वाटतोय, तर तो पीटीएसडी (पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणारा मानसिक आजार) असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पहिल्या काही आठवड्यांत हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी कुणाला बसवून सगळं बोलायला लावू नका, त्याने फायदा होत नाही, उलट काहींना त्रासच होतो.

मेंदूत काय होतं ते थोडक्यात. धोका ओळखणारा अ‍ॅमिग्डला सतत सावध राहतो, त्याला आवर घालणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग कमी पडतो, आणि "हे तेव्हा घडलं, आत्ता नाही" हे कळायला ज्याची मदत होते तो हिप्पोकॅम्पसही नीट साथ देत नाही. हिप्पोकॅम्पस स्कॅनमध्ये सरासरी छोटा दिसतो, त्यावरून "ट्रॉमाने मेंदू आक्रसतो" असं सर्रास लिहिलं जातं, पण २००२ साली जुळ्या भावांवरचा एक अभ्यास आला, त्यात एक भाऊ व्हिएतनाम युद्धात लढलेला आणि दुसरा न लढलेला, आणि लढलेल्याला गंभीर पीटीएसडी असेल तर न लढलेल्याचाही हिप्पोकॅम्पस छोटाच निघाला. म्हणजे निदान काही भाग आधीपासूनचा असतो, तेव्हा मेंदू कायमचा गेला असं मनात घेऊ नका. उपचाराने आठवण पुसली जात नाही, पण "आता मी सुरक्षित आहे" हे मेंदू नव्याने शिकतो. पुढची सगळी तुलना यावरच आहे.

एक्सपोजर थेरपी, म्हणजे मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी बसवलेली प्रोलाँग्ड एक्सपोजर, हे शिक्षण सरळसरळ देते. साधारण ८ ते १५ सेशन्स, बहुतेक वेळा दीड तासाची. डोळे मिटून घटना वर्तमानकाळात सांगायची, त्याचं रेकॉर्डिंग घरी पुन्हा पुन्हा ऐकायचं, आणि टाळलेल्या गोष्टींची ० ते १०० अशी भीतीची यादी करून खालून वर चढायचं. समजा एक्सप्रेसवेवर अपघात झालाय, तर आधी उभ्या गाडीत नुसतं बसायचं, मग गल्लीत कुणाशेजारी बसून चक्कर, मग हायवे, मग स्वतः स्टिअरिंग, आणि प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत किंवा निदान "काही झालं नाही" हे कळेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला त्रास वाढू शकतो, काही जण इथेच सोडतात, म्हणून घरच्यांना आधी कल्पना द्या.

ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींची मदत घेणारी थेरपी) मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शापिरो यांनी १९८७ मध्ये सुरू केलं. इथे प्रसंग मनात धरायचा आणि थेरपिस्टची बोटं डावीकडून उजवीकडे फिरतात त्यामागे नजर फिरवायची, थोड्या वेळाने "आता काय येतंय?" विचारतात, दोन शब्दांत सांगायचं की पुढे. सगळं तोंडाने सांगावं लागत नाही आणि गृहपाठ जवळजवळ नसतो, ज्यांना ती गोष्ट कुणासमोर उच्चारणंच अशक्य वाटतं त्यांच्यासाठी मला हे फार मोलाचं वाटतं. डोळ्यांच्या हालचालीने नक्की किती फरक पडतो यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, पण एकूण परिणाम एक्सपोजरच्या जवळपासच येतो, आणि डब्ल्यूएचओने २०१३ मध्ये ट्रॉमावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, एक्सपोजर यातलंच) आणि ईएमडीआर दोन्ही सुचवलेत.

गोळ्यांमध्ये सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या डिप्रेशनवरच्या गोळ्यांना पुरावा आहे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मळमळ, डोकेदुखी, सेक्सची इच्छा कमी होणं असे त्रास होऊ शकतात आणि मनानेच अचानक बंद करायच्या नाहीत. सोबत डिप्रेशन असेल, थेरपिस्ट जवळपास नसेल किंवा बोलायची ताकदच नसेल तर गोळ्या नक्की घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण थेरपी मिळत असेल तर आधी थेरपी, अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या घबराट आणि झोपेसाठीच्या गोळ्या मात्र पीटीएसडीचा उपचार नाहीत, झोप लागते म्हणून लोक महिनोन्‌महिने घेत राहतात आणि सवय लागते. आधीच घेत असाल तर डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी करा.

मग निवडायचं काय? रोज घरी अभ्यास करायची तयारी असेल आणि टाळाटाळीनेच आयुष्य अडलं असेल (गाडी, लोकल, गर्दी) तर मी एक्सपोजर म्हणेन. बोलणंच जड जात असेल तर ईएमडीआर. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे प्रश्न बऱ्याचदा इथेच सुटतो की तुमच्या गावात नीट शिकलेलं माणूस कोण आहे, त्यामुळे पहिल्याच फोनवर विचारा: आरसीआय (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद ठेवणारी सरकारी संस्था, रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी आहे का, ही पद्धत कुठे शिकलात, किती सेशन्स लागतील, फी किती? उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरं माणूस बघा. एक्सपोजर व्हिडिओ कॉलवरही होते, तेव्हा लातूर किंवा गडचिरोलीतून पुण्याची थेरपिस्ट चालेल. जीव द्यायचे विचार येत असतील तर ही निवड नंतर, आधी सायकियाट्रिस्ट गाठा किंवा टेली मानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, २४ तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.