टॅब वाचून बेस गिटार: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत मी बेस गिटारवर अकरा रॉक गाणी बसवली, सगळी टॅबवरून, म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांनी सांगणाऱ्या लेखनावरून. शिक्षक नाहीत आणि पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. शाळेत असताना पाच वर्षं पेटी शिकले होते, तेवढीच शिदोरी. टॅबवरून सुरुवात करावी का, हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितेय.

टॅब समजायला दहा मिनिटं पुरतात. चार ओळी म्हणजे चार तारा. सगळ्यात खालची ओळ जाड ई तारेची, तिच्यावर ए, डी आणि जी. ओळीवरचा आकडा म्हणजे फ्रेट, गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांनी पडलेलं घर; 0 म्हणजे मोकळी तार. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वरच्या बाजूला येते आणि कागदावर मात्र ती खाली असते, त्यामुळे पहिला आठवडा बोटं उलटसुलट जातात. मग सवय होते.

पहिल्याच संध्याकाळी व्हाइट स्ट्राइप्स या बँडच्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची सुरुवात वाजली. ए तारेवर 7, 7, 10, 7, 5, 3, 2. बस्स, सात आकडे! रेकॉर्डवर हा तुकडा बेसवर वाजवलेलाच नाही. बँडच्या जॅक व्हाइटने साध्या गिटारीचा आवाज पेडलने, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायपट्टीने, एक सप्तक खाली नेलाय. बेसवर तो इतका सहज बसतो की सुरुवातीला हेच गाणं घ्यावं. पहिल्या दिवशी ओळखीचं काहीतरी हातातून निघालं, म्हणून दुसऱ्या दिवशी गिटार पुन्हा हातात घेतली. टॅबचं हे देणं मी कधीच कमी लेखणार नाही.

अडचण त्याच सात आकड्यांत होती. कागदावर ते एकसारख्या अंतरावर छापलेले. गाण्यात पहिला स्वर दीड मात्रेचा आहे, शेवटचे दोन प्रत्येकी दोन मात्रांचे आणि मधले झपझप जाणारे. हे टॅबमध्ये कुठेच नाही. गाणं आधीपासून कानात होतं म्हणून मला वाजवता आलं. जे गाणं कधी ऐकलंच नाही, त्याचा टॅब मला आजही वाजवता येत नाही.

खरा धडा मिळाला क्वीन या बँडच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'मध्ये. 1980चं गाणं, बेसवर जॉन डीकन. टॅबमध्ये ई तारेवर 5, 3 आणि मग 0, 0, 0. मोकळी तार तीनदा वाजवायची, याहून सोपं काय असणार? महिनाभर मी ते तसंच वाजवत होते. एका रविवारी ड्रम वाजवणारा मित्र घरी आला, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "अगं, स्वर बरोबर आहेत, पण तू थांबतच नाहीयेस."

रेकॉर्ड पुन्हा लावली. त्यातला प्रत्येक ई आखूड आहे. वाजतो आणि लगेच मिटतो, तिसऱ्या ठोक्यानंतर बेस क्षणभर गप्प. ती मोकळी जागा आहे म्हणून गाणं असं चालतं. मोकळी तार आपण होऊन थांबत नाही, तिला थांबवावं लागतं. मी डाव्या हाताची दोन बोटं तारेवर आडवी, न दाबता टेकवायला शिकले. एकच बोट टेकवलं आणि ते नेमकं पाचव्या किंवा सातव्या फ्रेटच्या पट्टीवर पडलं, तर बारीक शिट्टीसारखा स्वर निघतो. दोन बोटं टेकवली की तार गप्प होते. मूळ गाणं मिनिटाला साधारण 110 ठोक्यांचं आहे. मेट्रोनोम 70वर लावून तीन आठवडे फक्त हेच केलं, वाजव आणि मिटव.

तेव्हा पेटीची जुनी वही काढली. भातखंडे पद्धतीत स्वरापुढे आडवी रेघ आली की तो स्वर आणखी एक मात्रा लांबतो. समेला फुली, खालीला शून्य, सगळं मात्रांच्या घरांत मांडलेलं. टॅबमध्येही आडव्या रेघाच रेघा असतात, पण संगणकावर टाइप केलेल्या साध्या टॅबमध्ये त्या केवळ जागा भरतात, मात्रा मोजत नाहीत. टॅब्लेचर (टॅबचं पूर्ण नाव) ही पद्धत काही आजची नाही. 1507 साली व्हेनिसमध्ये ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी असं लेखन छापलं गेलं होतं, आणि त्या काळच्या पानांवर ओळींच्या वर लयीच्या खुणा असत. म्हणजे मूळ पद्धतीत लय होती, कीबोर्डवर टाइप करताना ती गळली. याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता प्रत्येक गाण्याचा टॅब मी वहीत उतरवून घेते, मात्रांची घरं आखून. स्वर जिथे मिटवायचा तिथे लाल उभी रेघ. एका गाण्याला दोन संध्याकाळी जातात, पण नंतर तेच गाणं निम्म्या वेळात बसतं. पिंक फ्लॉइडचं 'मनी' असंच बसलं. त्यात सात मात्रांचं आवर्तन आहे. सात म्हटल्यावर मी रूपक ताल धरला आणि अडखळले, कारण रूपकाची पहिली मात्रा खाली आणि इथे पहिल्याच मात्रेवर बेसचा भरदार स्वर. शेवटी सरळ एक ते सात मोजलं. गिटारच्या सोलोला गाणं चारच्या लयीत जातं, तिथे वहीत मोठ्ठी खूण केलीय.

टॅबच्या डोक्यावरची ओळ आधी वाचा, तारा कशा लावायच्या ते तिथे असतं. निर्वाणा या बँडचं 'कम ॲज यू आर' सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवून वाजवलेलं आहे. नेहमीच्या तारांवर आकडे तंतोतंत वाजवूनही रेकॉर्डशी सूर जुळत नाही, आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकतंय. आकडा बरोबर पण जागा गैरसोयीची, असंही होतं. ई तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी ए तार हा एकच स्वर. जाड तारेवर तो गोल, दबका येतो, मोकळ्या तारेवर उघडा. टॅब लिहिणाऱ्याने त्याच्या हाताला सोयीची जागा लिहिलेली असते, ती बिनधास्त बदला.

हेडफोनशिवाय हे करू नका. ई तार मोकळी वाजली की साधारण 41 हर्ट्झचा स्वर निघतो, तो फोनच्या स्पीकरला पेलत नाही. फोनवर बेस ऐकू येत नाही म्हणून लोक टॅबवर जास्त विसंबतात, मीही तेच करत होते. चांगले हेडफोन लावून गाण्याचा वेग पाऊणपट केला की टॅबमधल्या चुका आपल्याआपण कळायला लागतात.

सध्या बारावं गाणं घेतलंय, या वेळी टॅब न उघडता. कडवं कानाने उतरवून झालंय. कडव्यातून ध्रुवपदात जाताना एक स्वर सरकत जातो, तो सहावर थांबतो की सातवर हे चार दिवस झाले ठरत नाहीये. वहीत ते घर अजून पेन्सिलीनेच लिहिलेलं आहे.