टर्कीची अंडी घरी उबवायची: यंत्र, टर्की की खुडूक कोंबडी?

टर्कीची मादी रोज अंडं देत नाही. डझनभर अंडी जमायला दोन आठवडे सहज लागतात आणि साठवलेल्या अंड्याचा जोम आठवड्यानंतर घटायला लागतो. म्हणून अंडी कशाखाली उबवायची हे पहिलं अंडं उचलायच्या आधीच ठरवा. बरेच जण आधी अंडी जमवतात, मग यंत्र शोधतात, आणि तोवर निम्मी अंडी शिळी झालेली असतात. फार वाईट वाटतं ते बघून.

आधी साठवणीचं. अंडं बाहेर पडतं तेव्हा आतला गर्भ वाढायला लागलेला असतो. गार झाल्यावर तो थांबतो. तापमान 13 ते 18 अंशांच्या दरम्यान असलं तर तो सुखरूप थांबून राहतो. उबदार खोलीत तो धड थांबतही नाही, धड वाढतही नाही, आणि अशक्त होऊन मरतो. फ्रिज याच्या उलट टोकाचा: 4-5 अंशांची थंडी गर्भाला सोसत नाही आणि तिथली कोरडी हवा अंड्यातलं पाणी ओढून घेते. म्हणजे या दोन्हींपेक्षा घरातला सगळ्यात गार, अंधारा, किंचित दमट कोपरा चांगला. तसा कोपराच नसेल, तर तीन-चार दिवसांची अंडी झाली की उबवायला लावा. कमी अंडी परवडली, जुनी नकोत.

निमुळतं टोक खाली ठेवा. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवणार असाल तर ट्रेची एक बाजू रोज उचलून कल बदलत राहा. अंडी धुऊ नका, टरफलावरचं नैसर्गिक आवरण निघून जातं आणि जंतूंना वाट मिळते. घाणेरडी, तडकलेली, वेडीवाकडी अंडी बाजूला काढा. उबवायच्या आधी सहा-आठ तास साध्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार अंड्यांवर दव धरतं.

आता तिन्ही पर्याय. कोणत्याही मार्गाने गेलात तरी दिवस 28 च.

यंत्राचा मोठा फायदा म्हणजे ते तुमच्या अंड्यांच्या तारखेला तयार असतं. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश ठेवायचं. पंखा नसेल तर अंड्यांच्या वरच्या पातळीला साधारण 38.5. ओलावा 25 व्या दिवसापर्यंत 55 टक्क्यांच्या आसपास, नंतर 70 पर्यंत. दिवसातून निदान तीनदा अंडी फिरवायची, 25 व्या दिवशी थांबायचं, आणि त्यानंतर झाकण उघडायचा मोह टाळायचा. पिल्लू टरफल फोडत असताना ओलावा निसटला की आतलं पातळ आवरण वाळून त्याच्या अंगाला चिकटतं. यंत्रासोबतचा थर्मामीटर एकदा दुसऱ्या खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून बघा. अर्ध्या अंशाचा फरकही 28 दिवस साचत जातो. वीज तास-दोन तास गेली तर अंडी तग धरतात. जास्तीच्या उष्णतेला मात्र माफी नाही.

टर्की मादी हे सगळं न सांगता करते. पंधराएक अंडी तिच्या पोटाखाली मावतात, मादी ती स्वतःच फिरवते, दिवसातून थोडा वेळ खायला उठते आणि परत बसते. अडचण एकच, पण मोठी: ती खुडूक कधी होईल हे तिच्या हातात. ती बसेपर्यंत घरट्यात खोटी अंडी ठेवा, खरी गार जागी साठवा आणि ती घट्ट बसल्यावर सगळी एकाच रात्री तिच्याखाली सरकवा. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा, कारण दुसऱ्या माद्या त्यात भर घालतात आणि मग पिल्लं वेगवेगळ्या दिवशी निघतात.

खुडूक कोंबडी सहज मिळते, पण तिच्याखाली सहा ते आठच टर्कीची अंडी नीट झाकली जातात. तिची सवय 21 दिवसांची. बहुतेक कोंबड्या पुढचा आठवडाही काढतात, काही उठून जातात. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कोंबड्यांच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांमधून ब्लॅकहेड नावाचा रोग पसरतो. कोंबडी त्यात बहुधा ठणठणीत दिसते, टर्कीची पिल्लं मात्र यकृत खराब होऊन दगावतात. मी हा पर्याय शेवटचा ठेवेन.

सातव्या ते दहाव्या दिवशी अंडी अंधारात दिव्यावर धरून बघा: शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. टर्कीत एक नवल आहे. नराशिवायही कधीकधी अंड्यात वाढ सुरू होते; अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल संशोधन केंद्रात 1950 च्या दशकात यावर बरंच काम झालं. ती वाढ बहुधा लवकरच थांबते. तेव्हा एखाद्या अंड्यात धूसर डाग दिसला म्हणून नर कामाचा आहे असं लगेच धरू नका.

पहिल्यांदाच करणार असाल आणि घरात मादी खुडूक बसलेली असेल, तर तिलाच अंडी द्या. मी हे उबेसाठी कमी आणि नंतरच्या आठवड्यासाठी जास्त सांगतो. टर्कीची पिल्लं समोर दाणा असूनही उपाशी मरू शकतात. आई चोच मारून दाखवते तेव्हा ती शिकतात. यंत्रातल्या पिल्लांना ते तुम्ही शिकवायचं: प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवा, दाण्यावर बोटाने टकटक करा, पहिले दोन दिवस दर काही तासांनी. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 35 अंश हवेत, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. एवढा वेळ देता येणार असेल तर यंत्र खुशाल घ्या. नसेल, तर मादी खुडूक होईपर्यंत थांबा.