रॉकेट बघायचं की रॉकेटचा फोटो काढायचा? गोव्यातून जाणाऱ्यांनी आधी हे ठरवा

फोंड्यात आमच्या कट्ट्यावर हा विषय दर दोन महिन्यांनी निघतो: श्रीहरिकोट्याला इस्रोच्या तळावरच्या, लाँच बघायच्या गॅलरीत जायचं की चेन्नईत कुणाच्या तरी गच्चीवर ट्रायपॉड लावायचा. मी दोन्ही केलंय. दोन्ही एकाच फेरीत जमेल असं धरून गेलेलो, तिथेच फसलो.

गॅलरीचं आधी. 2019 च्या एप्रिलपासून इस्रोने ती सामान्य लोकांना उघडलीय. पैसे नाहीत, पण प्रत्येक लाँचचं वेगळं ऑनलाइन रजिस्ट्रेशन असतं आणि ते चवथीच्या रेल्वे तिकिटांसारखं भरतं, बघता बघता संपलं. मोपा किंवा दाभोळीहून विमानाने चेन्नई, मग सेंट्रलहून सुल्लुरुपेटाची लोकल, आणि तिथून पुलिकत सरोवर ओलांडून बेटावर, शेवटचे साधारण 18 किलोमीटर. थंडीत या रस्त्यावर फ्लेमिंगो दिसतात, माझं निम्मं मेमरी कार्ड तिथेच गेलं आणि खरं सांगतो, त्याचं वाईट वाटत नाही.

आता लाँच. झाडांच्या रांगेमागून नारिंगी उजेड फुटतो, लोक ओरडतात, आणि आवाज? आवाजच नाही. एका किलोमीटरला तीन सेकंद लागतात ना त्याला, म्हणून आधी सगळं मूकपणे वर चढतं आणि मग तो येतो. नरकासुराच्या रात्री डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर छातीत जे होतं तसं काहीतरी, फक्त यात ताल नाही, कोणीतरी जाड ताडपत्री टराटरा फाडतंय असा कडकडाट. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी कान नाही, छाती धरली होती. हे कुठल्याच व्हिडिओत येत नाही.

फोटो मात्र माझे भिकार आले. दिवसाचं लाँच, पुढच्याचा हात वर, फोनने आकाशावर एक्स्पोजर धरलं आणि ज्वाळेच्या जागी पांढरा डाग. कॅमेऱ्यावर थोडं बरं, शटर 1/1000 च्या पुढे, फोकस आधीच मॅन्युअलला टाकून ठेवायचा आणि एक्स्पोजर मुद्दाम कमी, कारण सॉलिड मोटरची, म्हणजे घन इंधनाच्या इंजिनाची ज्वाळा डोळ्याला वाटते त्याच्यापेक्षा फार जास्त तेजस्वी असते. कॅमेरा, ट्रायपॉड, बॅगा याबद्दलच्या त्या वेळच्या सूचना रजिस्ट्रेशनसोबत नीट वाचा, गेटवर हुज्जत नको. आणि रॉकेट कुठलं तेही बघा: पीएसएलव्ही-एक्सएल 320 टनांचं, ते टुणकन सुटतं, तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये शोधेपर्यंत फ्रेमच्या बाहेर. एलव्हीएम3 चं वजन 640 टन, पण जोर वजनाच्या मानाने कमी, म्हणून ते जरा रेंगाळत उठतं. पहिल्यांदा फोटो काढणाऱ्याने त्याचीच वाट बघावी.

गच्चीवरचं गणित वेगळं. चेन्नईपासून लाँचचा तळ साधारण 80 किलोमीटर, म्हणजे पणजीत उभं राहून काणकोणच्याही पलीकडचे फटाके बघण्यातला प्रकार. आवाजाची आशाच सोडा, तो आला तरी चार मिनिटांनी येणार. दिवसा तर, धुकं नसेल तर, एक पांढरी रेघ. पण रात्री! 30 डिसेंबर 2024 ला स्पाडेक्सचं, म्हणजे अंतराळात दोन उपग्रह जोडून बघायच्या इस्रोच्या प्रयोगाचं लाँच होतं, रॉकेट पीएसएलव्ही-सी60, वेळ दोन मिनिटं पुढे सरकवून 22:00 ची केलेली. मावसभावाच्या गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून 24 मिलीमीटरची लेन्स लावली, आयएसओ 100, एफ/8. शहराच्या उजेडामुळे दोन मिनिटं शटर उघडं ठेवून काढलेला एकच फोटो जळतो, म्हणून 20-20 सेकंदांचे लागोपाठ काढले आणि घरी येऊन जोडले. क्षितिजावरून उजवीकडे समुद्रावर वाकत गेलेली पूर्ण कमान मिळाली. रॉकेटचा पहिला टप्पा पावणेदोन मिनिटांच्या आसपास जळतो, त्यानंतरचं द्रव इंधनाचं इंजिन एवढ्या लांबून जेमतेम दिसतं, म्हणून पहिली दोन मिनिटं चुकली की झालं.

पैशांचं म्हणाल तर विमानाचा खर्च दोन्हीकडे तोच, खरी भीती तारखेची. चांद्रयान-2 हे 15 जुलै 2019 ला उड्डाणाच्या 56 मिनिटं आधी थांबवलं, शेवटी 22 जुलैला उडालं. प्रोबा-3 या युरोपियन उपग्रहांचं 4 डिसेंबर 2024 चं लाँच तास उरलेला नसताना पुढे गेलं, दुसऱ्या दिवशी 16:04 ला झालं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं परतीचं तिकीट काढू नका, निदान एक दिवस मोकळा ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा परतीचा पाऊस असतो हेही लक्षात असू द्या, आपल्याकडे आकाश निवळतं तेव्हा चेन्नईत ढग जमतात.

मग काय करायचं? आयुष्यात एकदाच जाणार असाल, मुलं किंवा आईबाबा सोबत असतील तर डोळे झाकून गॅलरी, आणि कॅमेरा गळ्यात असला तरी पहिला आवाज येईपर्यंत त्याला हात लावू नका. फोटोच हवा असेल तर रात्रीचं लाँच धरा, चेन्नईत ओळख काढा, गच्चीची चावी आधी मागून ठेवा. रजिस्ट्रेशन हुकलेल्यांनीही हेच करावं.

माझ्या त्या फोटोत खाली कोपऱ्यात शेजाऱ्यांची काळी पाण्याची टाकी आलीय. कापायला गेलो तर आई म्हणाली राहू दे, नाहीतर लोकांना वाटेल वीज पडलीय.